पयल्याच्याही पयले

आमच्या यवतमाळकडे 'पयले' हा शब्द दिवसातून जितक्या वेळा कानावर पडतो, तितक्या वेळा एसटीचा हॉर्नही पडत नाही. 'पयले चहा पी, मंग जाय.' 'पयले सांगाचं ना बे!' 'पयले पाऊस कसा टायमावर ये!' आता यातला एक 'पयले' म्हणजे आत्ता, एक म्हणजे वेळ निघून गेली, आणि एक म्हणजे बोलणाऱ्याच्या लहानपणी. बदली होऊन आलेल्या गुरुजींना हा हिशेब जमेपर्यंत त्यांची पुन्हा बदली होते.

'एक नंबर'चंही तसंच. भाजी जमली की एक नंबर. पण माणसाला 'एक नंबरचा' म्हटलं की पुढचा शब्द ऐकल्याशिवाय हसू नये, कारण तिथे बहुतेक वेळा 'लबाड' येतो. वर्गात पोरगं करंगळी दाखवून 'एक नंबरले जाऊ का?' विचारतं, तेव्हा ते गुणवत्ता यादीबद्दल बोलत नसतं. आणि दोन नंबरचा धंदा करणाऱ्याचं घर गावात एक नंबर असतं, हे तर सांगायलाच नको.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पायलीनं ज्वारी मोजताना 'एक' म्हणतच नसत. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, म्हणजे घरात बरकत राहते. माझ्या चुलतभावानं हेच पाढे शाळेत म्हणून दाखवले. बे लाभे बे. त्या दिवशी त्याला काय लाभलं ते त्याच्या कानाला विचारा.

इतका बेभरवशाचा शब्द आहे हे ठाऊक असूनही एका दसऱ्याच्या सुमारास बाबांनी फर्मान सोडलं, "औंदा मुहूर्ताले आपली गाडी पयली लागली पायजे."

मुहूर्त म्हणजे कापूस खरेदीचा. हंगामाच्या पहिल्या दिवशी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, मंडप पडतो, काट्याची पूजा होते, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी, शेला आणि श्रीफळ मिळतं, आणि त्या गाडीपुरता भाव चढवून बोलला जातो. दुसऱ्या दिवशी तो चढा भाव पेपरात छापून येतो. तो वाचून जे कापूस घेऊन जातात, त्यांना खरा भाव कळतो.

बाबांचं हे खूळ जुनं. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, दुसरीकडे विकायचा नाही. केंद्रापुढे बैलबंड्यांच्या रांगा लागत आणि दिवस दिवस हलत नसत. आजोबा बंडीखाली झोपायचे, लहानगे बाबा घरून भाकरी पोचवायचे. त्या रांगेत आजोबांचा नंबर कधी पहिला लागला नाही. ती योजना गेली, बंड्या गेल्या, आजोबा गेले, पण नंबर राहिला तो राहिलाच. आता सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर मोबाइलवर नोंदणी करून दिवस ठरवून घ्यावा लागतो, रांगेचं कारण नाही. फक्त आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही, त्यामुळे हल्ली रांग टाकीच्या शिडीवर असते.

माय शेतात सीतादही करून आली, पाच झाडांना दहीभात दाखवला, आणि वेचणीला सुरुवात झाली. पण पहिल्या वेचणीचा कापूस म्हणजे बुडाची बोंडं. नुकताच परतीचा पाऊस अंगावर घेतलेली. खरा देखणा कापूस निघतो तो दुसऱ्या वेचणीचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. हमीभावाच्या खरेदीत ओलावा आठ टक्के धरतात, बारापर्यंत घट कापून घेतात, त्याच्यावर गेला की गाडी परत. माय म्हणाली, "वाळू तर द्या कापूस."

"वाळेपर्यंत पयला नंबर कोनासाठी थांबते का?" बाबा म्हणाले आणि पिकअपची चाबी माझ्या हातात दिली.

मी मध्यरात्री जिनिंगच्या गेटवर पोचलो. एकही गाडी नव्हती, पण रांग होती. एक वीट, एक चप्पल, पाण्याची अर्धी बाटली आणि गेटला गाठ मारलेला दुपट्टा. प्रत्येकाला मालक होता आणि सगळे मालक बाजूच्या पानठेल्याच्या बाकड्यांवर घोरत होते. माझ्या गाडीच्या उजेडानं जागे झाले.

"पयला नंबर माहा हाये," चप्पलवाले काका एका पायानं लंगडी घालत आले.

"तुमच्या चपलेच्या पयले माही वीट हाये," दुसरा म्हणाला.

"वीट तं गेटच्या बांधकामातली हाये लेका!"

वाद विटेच्या वंशावळीपर्यंत गेला तेव्हा चौकीदार उठला. त्यानं टॉर्च मारून सगळ्यांची पाहणी केली आणि निकाल दिला, "चपलेत कापूस मावते का? ज्याची गाडी, त्याचा नंबर." त्याच्याइतका स्वच्छ निवाडा मी तहसीलमध्येही ऐकला नाही. असा मी पहिला झालो. विटेवाल्यांनी जाताना वीट उचलून माझ्या मागच्या चाकामागे लावली. म्हणाले, "उतार हाये बापू, गाडी मांगं सरकन."

पहाटे चहाची टपरी उघडली. पहिलं गिऱ्हाईक मीच. "दूध यायचं हाये," टपरीवाले म्हणाले, "पन बोनीले नाई नोको म्हनू." त्यांनी कोरा चहा पुढ्यात ठेवला. मी शंभराची नोट काढली. सुट्टे नव्हते, कारण सुट्टे देणारं गिऱ्हाईक माझ्यानंतर येणार होतं. उधारीही चालेना, बोनी होती. नोट देवाच्या फोटोपुढे गेली. माझ्यामागून आलेल्यांनी दुधाचा चहा प्यायला, सुट्टे पैसे घेतले, वर कालची उधारीही पुढे ढकलली.

नऊचा कार्यक्रम होता. माझ्यामागे गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली. अकराला माइकवर 'हॅलो, हॅलो' सुरू झालं. बाराला नवाकोरा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीला झेंडूच्या माळा. तो रांगेच्या बाजूबाजूनं आला आणि सरळ माझ्यापुढे उभा राहिला.

"मी पयला हावो," मी म्हणालो.

"हाव न, तुमीच पयले," व्यवस्थापक अगदी प्रेमानं म्हणाले. "हे मानाची हाये. मान नंबरात थोडीच पकडतेत?"

याला उत्तर नव्हतं. आमच्याच गावात पोळ्याला सगळ्यांच्या जोड्या तोरणाखाली ताटकळतात, झडत्या म्हणून म्हणून घसे बसतात, आणि मानाची जोडी सावकाश घुंगरं वाजवत निघाल्याशिवाय पोळा फुटत नाही. ती जोडी कधी आली हे कोणी विचारत नाही.

पाहुणे अडीचला आले. नारळ एकच होता, तो काट्यावर फुटला. शेला मानाच्या ट्रॉलीला गेला. माइकवाल्यानं 'आणि रांगेत प्रथम आलेले शेतकरी' म्हणून मलाही वर बोलावलं, टोपी दिली. ती कानांवरून खाली आली, त्यामुळे पेपरातल्या फोटोत मी आहे हे आमच्या घरच्यांनाच ओळखू येतं. चढा भाव ट्रॉलीला मिळाला, टाळ्याही झाल्या.

खरा घोळ पुढे झाला. मंडप नेमका गेट आणि काट्याच्या मध्ये. पाहुणे जेवल्याशिवाय तो निघेना. मग कोणाला तरी सुचलं की मागचं गेट उघडावं. सुचलं, उघडलं, आणि डांबरी रस्त्यावरच्या सगळ्यात शेवटच्या गाडीपासून माप सुरू झालं. ती गाडी लंगडीवाल्या काकांची होती. ते रात्री घरी जाऊन, झोपून, आंघोळ करून, जेवून आले होते. जाताना मला हात दाखवून गेले. दोन्ही पायांत चपला होत्या.

माझा नंबर आला तेव्हा दिवे लागले होते. मीटर खुपसलं, ओलावा सोळा.

"पयल्या वेचनीचा दिसते," मापारी म्हणाला. "घाई काहून केली?"

खरेदी हमीभावाची नव्हती म्हणून गाडी परत गेली नाही एवढंच. घट कापून जो भाव हाती आला, तो मी गाडीत दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. गावात मात्र बाबांनी पारावर पेपर फिरवला. 'औंदा पयली गाडी आपली.' फोटो सगळ्यांनी पाहिला. भाव विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर बाबांनी विषय टोपीकडे नेला असणार.

लंगडीवाल्या काकांनी मात्र मागच्या गेटची गोष्ट पंचक्रोशीत केली. पुढच्या मुहूर्ताला मी गेलोच नाही, बाबा स्वतः गेले. पहाटे पाहतात तर गेटपुढे चिटपाखरू नाही. अर्धा कोस अलीकडे, कडुनिंबांच्या सावलीत गाड्याच गाड्या. कोणीही पुढे व्हायला तयार नाही.

"व्हा ना पयले!"

"नाई बाप्पा, तुमी मोठे. तुमी व्हा."

"तुमची गाडी लहान हाये, तुमी निंगा."

एवढा आदर आमच्या तालुक्यात लग्नातही पाहिला नव्हता. नेमके त्या वर्षी पाहुणे वेळेवर आले. मंडपात माइकवाला आणि नारळ, बाकी कोणी नाही. शेवटी जिनिंगवाल्यांनी आवारातल्या गंजीतूनच ट्रॉली भरली, आपल्याच काट्यावर घातली आणि आपल्याच मुनिमाला टोपी घातली. मग मात्र कडुनिंबाखालच्या सगळ्या गाड्या एकदमच सुटल्या.

बाबा दुपारी घरी आले ते चिडलेलेच. माय ताट वाढायला उठली तर म्हणाले, "थांब. दुसरा नंबर थोडक्यात हुकला न बे, त्या चपलेवाल्यानं मधातच गाडी घातली."