मैत्री राहू द्या, कागद मागा: वरुडच्या बागायतदार वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेपासून आफ्रिकी संघाच्या जी-२० प्रवेशापर्यंत विकसनशील देश एकमेकांशी कसे वागत आले, यावर मी मागे लिहिलं होतं. त्या लेखाखाली तुम्ही कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गरीब देशांचा बंधुभाव भाषणापुरता असतो. बांगलादेशने संत्र्यावरचं शुल्क २०१९ च्या २० वरून २०२३ मध्ये किलोमागे ८८ वर नेलं, तेव्हा तो बंधुभाव कुठे गेला? मोझांबिकची तूर आणून आमच्या तुरीचा भाव पाडला. विदर्भात शेतकरी जीव देतोय आणि सरकार आफ्रिकेला कापसाचं तंत्र शिकवतंय. त्यापेक्षा युरोप-अमेरिकेशी व्यापार वाढवा, पैसा तिकडे आहे. आणि शेवटी, "नागपुरात बसून बांडुंगवर लिहिणं सोपं असतं."

चार ओळीत उत्तर देऊन हा विषय मिटवता येणार नाही, म्हणून वेगळं लिहितोय.

तुमचा राग संत्र्याचा आहे आणि तो रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. आंबिया बहाराचा माल निघायच्या वेळी बांगलादेशची मागणी असली की वरुड-मोर्शीकडच्या बागा झाडावरच विकल्या जातात. ती नसली की तोच माल नागपूरच्या कळमन्याला येऊन पडतो. त्या दिवसांत कळमन्याच्या फळबाजारात ढिगाला लागून ढीग असतात, टनाच्या भावाने बोली चालते. मोठं, रंग धरलेलं फळ हातोहात जातं. बारीक फळाच्या ढिगापाशी बोली लावणारा थांबतच नाही, आणि ज्याचा तो ढीग असतो तो माणूस गाडीभाडं तरी निघेल का, हे विचारत दलालाच्या मागे फिरतो. हे मी पाहिलंय. त्यामुळे "संत्र्याचं नुकसान झालं म्हणून परराष्ट्र धोरणावर कशाला बोलता" असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्याचं दार अर्धं लागलं की तुमच्या घरातला वर्षाचा हिशेब कोलमडतो.

पण ते शुल्क बनलंय कशाचं, तेही बघा. ढाक्याच्या कस्टममध्ये फळावर एक कर बसत नाही, थर बसतात: मूळ सीमाशुल्क, त्यावर नियामक शुल्क, पूरक शुल्क, व्हॅट, आगाऊ आयकर. आणि ते एकट्या भारतीय फळावर नाहीत. चीन, इजिप्त, दक्षिण आफ्रिकेहून येणाऱ्या फळांनाही ते लागतात. मे २०२२ मध्ये त्यांनी फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर अशा १३० हून अधिक प्रकारच्या मालावर नियामक शुल्क चढवलं, कारण त्यांच्याकडचे डॉलर आटत चालले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरवर असलेली गंगाजळी झपाट्याने उतरली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. तेल आणि खत घ्यायलाच डॉलर पुरत नसताना कोणतंही सरकार पहिला हात फळांवरच घालतं.

तुमच्याकडे बोललं जातं की हा कांद्याचा सूड होता. सूड होता असं मी म्हणणार नाही, डॉलरची टंचाई पुरेसं कारण आहे. मात्र कांद्याचं प्रकरण बाजूलाही ठेवता येत नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या आणि त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. मागणी एवढीच होती, आधी कळवा. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. सीमेवर कांद्याचे ट्रक उभे राहिले, नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि बांगलादेश तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडे वळला, स्वतःचा कांदा वाढवायला लागला. ज्या सवयीने नाशिकच्या कांद्याचं गिऱ्हाईक तुटलं, त्याच सवयीने वरुडच्या संत्र्याचं तुटलं. फक्त पहिल्या वेळी दार आपण लावलं होतं.

दक्षिण आशियातल्या देशांनी एकमेकांशी चालवलेला बहुतेक व्यापार असाच आहे, मर्जीवरचा. मर्जी आहे तोवर ट्रक जातो, मर्जी फिरली की रात्रीतून अधिसूचना निघते. तुम्ही म्हणता की असल्या संबंधांवर विश्वास ठेवू नका. मी म्हणतो, विश्वासाचा प्रश्नच येऊ नये अशी लिखापढी करा. ती जिथे झालीय तिथे काय झालं, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं मालदीवचं. त्यांच्याशी आपला १९८१ चा व्यापार करार आहे. त्याखाली दरवर्षी तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, बटाटा, कांदा, अंडी यांचा कोटा ठरतो आणि देशात निर्यातबंदी असली तरी तो माल जातो. २०२४ च्या सुरुवातीला मालदीवशी आपले संबंध किती बिघडले होते ते आठवा. भारतीय लष्करी माणसं परत पाठवण्यावरून रोज बातम्या येत होत्या, आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची भाषा चालू होती. त्याच एप्रिलमध्ये भारताने त्यांना १९८१ नंतरचा सर्वात मोठा कोटा मंजूर केला. कांदानिर्यात तेव्हा बंद होती, तरी मालदीवचा कांदा गेला. राग राजकारणात राहिला, ताटापर्यंत पोचला नाही, कारण कागद होता.

दुसरं उदाहरण तुम्हाला जास्त लागेल. डिसेंबर २०२० मध्ये बांगलादेश आणि भूतानने प्राधान्य व्यापार करार केला, तो जुलै २०२२ पासून लागू झाला. भूतानच्या ३४ वस्तूंना त्यात सीमाशुल्काची सवलत मिळाली आणि त्या यादीत संत्री आहेत. म्हणजे नियामक शुल्क चढवल्यानंतर दोन महिन्यांच्या आत भूतानच्या बागायतदाराच्या हातात सवलतीचा कागद पडला. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. आपल्या एका अमरावती जिल्ह्याची त्याच्या तिपटीहून जास्त. ढाक्यात भूतानच्या संत्र्याचं नाव कोणीतरी टेबलावर मांडलं, आपल्या संत्र्याचं मांडलं गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, आहे ना. आहे, २००६ पासून. पण त्यात मूळ सीमाशुल्कालाच कात्री लागते. नियामक आणि पूरक शुल्काचे थर त्याच्या कचाट्यात येत नाहीत, आणि खरा मार त्या थरांचाच आहे. याउलट २०११ पासून आपण बांगलादेशचा जवळजवळ सगळा माल, तयार कपड्यांसह, शुल्काशिवाय आत घेतो, कारण तो अल्पविकसित देशांच्या यादीत आहे. ही सवलत देताना बदल्यात संत्र्याबद्दल एक ओळ लिहून घेतली नाही. ही संधी पुन्हा येते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वेळापत्रकाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ ला बांगलादेश त्या यादीतून बाहेर पडायचा आहे. तारीख पुढेमागे झाली तरी त्यानंतर भारतात बिनशुल्क कपडा विकायचा तर त्यांना आपल्याशी नवा करार करावा लागेल. २०२५ मध्ये दोन्हीकडून जे झालं, त्यांनी जमिनीच्या मार्गाने आपलं सूत घेणं थांबवलं, आपण त्यांच्या कपड्यांना जमिनीवरची बंदरं बंद केली, त्यानंतर बोलणी अवघड झालीत हे खरं. सुतात आपला कापूस असतो हेही विसरू नका. तरी बोलणी होतील तेव्हा विदर्भाच्या दोन वस्तू त्या टेबलावर पाहिजेत, सूत आणि संत्रा.

आता तूर. इथे तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे.

२०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, पाच वर्षांत दोन लाखांपर्यंत. त्याच हंगामात आपल्याकडे विक्रमी तूर पिकली. २०१७ च्या उन्हाळ्यात बाजार समित्यांबाहेर लागलेल्या रांगा तुम्हालाही आठवत असतील. बारदाना संपला म्हणून खरेदी बंद, ५०५० चा हमीभाव कागदावर आणि बाहेर व्यापारी चार हजारांच्या खाली मागतोय. त्या ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. भारत घेईल म्हणून मोझांबिकमधल्या ज्या छोट्या शेतकऱ्यांनी तूर वाढवली होती, त्यांचे भाव कोसळले. तिथे तूर खाणारं कोणी फारसं नाही, ती पिकतेच आपल्यासाठी. सरकारी कोट्यातला माल तेवढा चालू राहिला.

मे २०२१ पासून मात्र सरकारने तुरीची आयात सरसकट खुली केली आणि वर्षामागून वर्ष मुदत वाढवत नेली. २०२४-२५ मध्ये दहा लाख टनांहून जास्त तूर आली. मोझांबिकच्या कराराची तूर त्यातली दोन लाख. भाव पाडणारी आयात बहुतांशी कराराबाहेरची आहे, ती मर्जीची आहे, शहरातल्या महागाईकडे बघून उघडलेली. शिवाय पूर्व आफ्रिकेची तूर ऑगस्टच्या सुमारास निघते. ती वेळेत आली तर आपल्या टंचाईच्या महिन्यांत खपून जाते आणि डिसेंबर-जानेवारीत आपला माल येईपर्यंत बाजार मोकळा होतो. उशीर झाला, जसा २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरातल्या वादामुळे झाला, की ती आपल्या नव्या तुरीच्या उरावर येऊन बसते. म्हणून करारात माल पोचवण्याची मुदत पाहिजे, आणि तो ठरवताना यवतमाळ-अकोल्याचा तूर उत्पादक खोलीत पाहिजे. तो खोलीत नव्हता, ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

कापसाच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या कानकून बैठकीत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. त्या अनुदानाने जगातला भाव दबत होता, म्हणजे मालीतल्या शेतकऱ्याचा आणि यवतमाळच्या शेतकऱ्याचा भाव एकाच वेळी दबत होता. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत खटला दाखल केला, तो जिंकला आणि २०१४ मध्ये अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेऊन मिटवला. त्या खटल्यात बेनिन आणि चाड तिसरा पक्ष म्हणून होते, भारतही होता. युरोप-अमेरिकेकडे बघा म्हणताना हेही बघा की विदर्भाच्या कापसाच्या बाजूने त्या व्यासपीठावर कोण उभं होतं.

आणि शिकवण्यात पैसा वाया जातो म्हणता, तर एकदा अमरावती रोडवर वाडीला जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या, प्रशिक्षण केंद्रात जाऊन या. आफ्रिकी देशांतले तंत्रज्ञ तिथे शिकून गेलेत. दुहेरी रोलरच्या जिनवर रुई रोलरला धरून पुढे सरकते, हलती सुरी सरकी खाली पाडते, धाग्याला करवती जिनसारखा मार बसत नाही. हे यंत्र ज्याने हाताळलं तो परत गेल्यावर असलंच यंत्र मागतो, आणि ते हिंगण्याच्या एमआयडीसीत बनतं. नागपूरची जिनिंग यंत्रं आफ्रिकेत जातात, ती जोडणाऱ्या फिटरचं घर त्यावर चालतं. शेतकऱ्याच्या मरणाचं कारण शोधायचं तर कर्ज, विमा, ओलित, भाव इथे शोधू. आफ्रिकेतल्या माणसाला जिन चालवायला शिकवण्यात ते सापडणार नाही.

युरोपबद्दल एवढंच: नागपुरी संत्र्याला बिया आहेत, साल सैल आहे आणि ते टिकत नाही. जहाजातल्या लांब प्रवासाला आणि बिनबियांच्या मँडरिनला सरावलेल्या गिऱ्हाइकाला ते चालत नाही. नाशिकच्या द्राक्षाचा रस्ता आपल्याला नाही. या फळाचा नैसर्गिक बाजार ट्रकच्या अंतरावर आहे. अमेरिकेचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर एका फटक्यात ५० टक्के शुल्क लागलं होतं. मर्जी तिकडेही फिरते.

नागपुरात बसून लिहिण्याबद्दल तुम्ही जे म्हणालात, त्यावर मी वाद घालत नाही. छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत भूतानचे अधिकारी आपल्या अधिकाऱ्यांसोबत शिकतात, वाडीला जिनिंग, कळमन्याला संत्रा. हा विषय लिहायला मला नागपूर सोयीचंच वाटतं.

डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात संत्रा निर्यातीला ५० टक्के अनुदान जाहीर झालं. दुखणं सीमेपलीकडच्या शुल्काचं आहे, आपल्या तिजोरीतून ते किती वर्षं भरणार? पुढच्या अधिवेशनाला तुमची बागायतदार मंडळी निवेदन घेऊन येतील तेव्हा अनुदानाच्या वर हे कलम घाला: बांगलादेशशी होणाऱ्या कोणत्याही करारात संत्र्यावरच्या नियामक आणि पूरक शुल्काला हंगामापुरती मर्यादा, आणि बदल्यात कांद्याचा मालदीवसारखा वार्षिक कोटा. कांद्याचा कोटा बांगलादेशने २०२२ मध्येच मागितला होता, म्हणजे देवाणघेवाणीला जागा आहे. नाशिकचे कांदा उत्पादकही यात तुमच्या सोबत यायला हरकत नाही.

तुमच्या ओळखीत पेट्रापोल-बेनापोलच्या सीमेवरून बांगलादेशला माल पाठवणारे व्यापारी असतील. त्यांच्याकडे तिकडच्या आयातदाराच्या कस्टम पावत्या असतात, त्यात कोणत्या थराला किती टका (तिकडचं चलन) लागले ते वेगळं लिहिलेलं असतं. गेल्या दोन-तीन हंगामांतल्या मिळाल्या तर नावं झाकून मला पाठवा. निवेदनाचा मसुदा मी करून देतो.