नववा प्रश्न कसा टाळावा

पीएच.डी. झाली, नावाआधी डॉ. लागलं, आणि नेमकी किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावर पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा निघाली. अर्ज कराच. १ जानेवारी २०२३ पासूनच्या केंद्राच्या दरांनुसार पहिल्या पायरीच्या रिसर्च असोसिएटला महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पहिला हप्ता कधी जमा होतो हे विचारू नका. ताणतणावाचा अभ्यास स्वतःपासून सुरू झालेला बरा.

प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण घाला. १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के, आणि मुख्य म्हणजे ज्या १२ राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. ही उणीव भरून काढायचा विडा उचला आणि घराजवळच्या दोन शाळा गाठा. शीर्षकात मात्र ‘महाराष्ट्रातील किशोरवयीन’ असंच हवं. एका शाळेत समुपदेशन, दुसरीत काहीच नाही, दोन्हीकडे चारचारशे मुलं. झाला ८०० चा नमुना. एका शाळेतली मुलं एकाच मुख्याध्यापकांच्या धाकात वाढतात, त्यांची उत्तरं एकमेकांच्या वळणावर जातात, असं एखादा संख्याशास्त्रज्ञ म्हणेल. शाळेमागे ४० मुलं घेतली आणि हे साम्य ० ते १ च्या मापावर नुसतं ०.०५ असलं, तरी १ + ३९ × ०.०५, म्हणजे एरवीच्या २.९५ पट मुलं लागतात, हेही तो कागदावर मांडून दाखवेल. तुमचा नमुना तर त्याच्या लेखी दोन शाळांचा, म्हणजे दोनचाच. अशा माणसाचे आभार माना, पण त्याला सहलेखक करू नका.

नैराश्य ताडून पाहणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी हवी. मराठी भाषांतर शब्दकोश उघडून करा : ‘स्वारस्याचा अभाव’. मुलं ‘करमत नाही’ म्हणतात, ‘डोकं उठलंय’ म्हणतात, पण ते शब्द मिळवायला आधी मुलांशी बोलावं लागतं, मग भाषांतर उलट इंग्रजीत करून ताडून पाहावं लागतं, मग पुन्हा काही मुलांना ‘यातून तुला काय कळलं?’ असं विचारावं लागतं. दोन महिने जातात. शब्दकोशाला एक दुपार पुरते. स्वारस्य म्हणजे काय ते मुलगा शेजारच्याला विचारेल, बाकावर दोघं बसवतात ते कशासाठी? बाईंना रांगांमधून फेऱ्या मारू द्या आणि कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहून घ्या, म्हणजे सगळ्यांना सगळं बरं असल्याची उत्तरं वेळेत मिळतात.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं १२ वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी संमती मागतात, आणि पालकांचीही. पालकांसाठी ‘सदर प्रकल्पांतर्गत’ने सुरू होणारं तीन पानी पत्र दप्तरातून धाडा. दुसऱ्या दिवशी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या चाळीस सह्या आल्या, तर वर्गातल्या कुणाचं तरी अक्षर छान आहे एवढंच समजा.

पहिली मोजणी वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात घ्या, दुसरी जूनमध्ये. प्रश्नावली फक्त ‘गेल्या दोन आठवड्यां’बद्दल विचारते, आणि आंबे खाऊन आलेली मुलं तुमच्या समुपदेशनाने सुधारलेली दिसतात. त्यातही पहिल्या खेपेला ज्यांचे गुण सर्वांत जास्त तेवढीच निवडलीत, तर काही न करताही ते थोडे उतरतात. समुपदेशन नसलेल्या शाळेतही तेवढेच उतरले? तो तक्ता पुरवणीत टाका.

समुपदेशन शिक्षकांवर सोपवा. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहर’ नावाच्या, शाळांमधल्या संशोधन चाचणीत नेमकं हेच तपासलं होतं : तोच कार्यक्रम खास नेमलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाच्या समुपदेशकांनी चालवला तिथे मुलांत फरक पडला, शिक्षकांनी चालवला तिथे नाही. पण समुपदेशकाला पगार द्यावा लागतो, आणि शिक्षकाकडे निवडणूक, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं सोडलं तर काम काय असतं?

आता नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती वेळा आले, हे तो विचारतो. एकूण गुण चारच असले तरी इथे शून्य सोडून काहीही आलं, तर त्याच दिवशी, मूल घरी जायच्या आत, कुणीतरी त्याच्याशी एकांतात बोलायला हवं : विचार आहे की बेत, घरी विश्वासाचं कोण आहे. मग पालक, मानसोपचारतज्ज्ञ, जवळचं रुग्णालय, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट बाहेर आली, तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं तुमच्यावर बंधनकारक. म्हणजे वर्गाबाहेर एक प्रशिक्षित माणूस आणि एक रिकामी खोली हवी. अंदाजपत्रकात लॅपटॉप आहे, परिषदेचं विमानभाडं आहे, या माणसाचा रकाना नाही.

सोपी वाट म्हणजे तो प्रश्नच गाळा. तशी आठ प्रश्नांची आवृत्ती, पीएचक्यू-८, रीतसर उपलब्ध आहे. नैतिकता समितीने नववा ठेवायला लावलाच, तर ‘जोखीम आढळल्यास योग्य त्या तज्ज्ञांकडे पाठवले जाईल’ असं लिहून द्या आणि उत्तरं बंद पाकिटात घ्या. पाकिटं मुलांसमोर चिकटवा, विश्वास वाटतो. डेटा भरणारा मुलगा दिवाळीनंतर येणार आहे. तोवर ती कपाटात कुलूपबंद राहू द्या, गोपनीयतेच्या रकान्यात तुम्ही तसंच लिहून दिलंय.