अमेरिकेतली ‘जातपंचायत’?

अमेरिकेतल्या आदिवासी जमातींची स्वतःची कोर्टं असतात आणि मुलांच्या ताब्याचे निकाल तीही देतात, असं सांगितलं की आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे जातपंचायतच ना?

नाही हो. आपण २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा केला तो जातपंचायतींच्या मनमानीला चाप लावायला. तिथली जमात मात्र कायद्याने सार्वभौम मानलेली आहे.

१९८५ च्या डिसेंबरात मिसिसिपीतल्या चोक्टॉ जमातीच्या एका बाईने जमातीच्या राखीव प्रदेशापासून (रिझर्व्हेशन) दोनशेएक मैल लांब जाऊन जुळ्यांना जन्म दिला. मुद्दाम, बाहेरच्या कुटुंबाला दत्तक द्यायचं म्हणून. महिन्याभरात राज्याच्या कोर्टाने दत्तक मंजूरही केलं. जमात भांडत सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८९ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी जिंकली. आईचं घर राखीव प्रदेशात, म्हणून बाळांचंही तिथेच, आणि म्हणून दत्तकाचा निर्णय राज्याच्या नव्हे, जमातीच्या कोर्टाचा. त्यांनी तिथे पाऊल ठेवलं नसलं तरी.

आई-बापांच्या मर्जीपुढे जमात कोण, असं मलाही आधी वाटलं होतं. पण आदिवासी मुलांच्या ज्या १९७८ च्या कायद्यावर (इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट) हा निकाल उभा आहे, तो का आला ते वाचा. त्याआधीच्या पाहण्यांनुसार २५ ते ३५ टक्के आदिवासी मुलं घरापासून तोडून दत्तक कुटुंबांत, संस्थांत टाकलेली होती. एवढी मुलं गेल्यावर जमात म्हणून उरतं काय?

घटस्फोटात आई किंवा बापाकडे ताबा देण्याचा प्रश्न मात्र या कायद्याने बाहेरच ठेवलाय, आणि खरी ओढाताण तिथे होते. अलास्कातलं जॉन विरुद्ध बेकर प्रकरण बघा (तिथे तर लग्नही झालेलं नव्हतं). बाप आपणहून आपल्या गावच्या, नॉर्थवेच्या, आदिवासी कोर्टात गेला. कोर्टाने ताबा दोघांत वाटून दिला. ते रुचेना, तर हाच गृहस्थ राज्याच्या कोर्टात, मुलं एकट्याला हवीत म्हणून! १९९९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राखीव जमीन नसली तरी आपल्या मुलांबद्दल ठरवायचा अधिकार जमातीला आहे. माझा आक्षेप अशा बापांवर आहे, कोर्टांवर नाही.

आणि ती जुळी? निकालानंतर प्रकरण चोक्टॉ कोर्टाकडे गेलं. मुलं तोवर चार वर्षांची झाली होती. १९९० मध्ये त्या कोर्टाने त्यांना दत्तक आईकडेच राहू दिलं.