तोंड मोठे केल्याने इंजिन गार होत नाही
घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: हवेने गार होणाऱ्या इंजिनाला शेवटी वाराच हवा असतो, तेव्हा ते तापू लागले की काऊलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) हवा आत घेणारी पुढची तोंडे कापून मोठी करावीत, बॅफलचे (हवा सिलिंडरांकडे वळवणारे) पत्रे आणि त्यांच्या कडांच्या रबरी पट्ट्या म्हणजे फुकटचे वजन, आणि फायरवॉलला (इंजिन आणि वैमानिकाची जागा यांच्यामधल्या आगरोधक भिंतीला) स्टीलऐवजी ॲल्युमिनियम लावले की किलोभर वाचते. यातले एकही विधान टिकत नाही, आणि तिसरे तर जिवावर बेतणारे आहे.

पहिले विधान तोंडांचे. समोरासमोर सिलिंडर असलेल्या नेहमीच्या इंजिनात हवा पुढून शिरते, सिलिंडरांच्या वरच्या कप्प्यात दाब धरते, सिलिंडरांवरच्या पातळ पात्यांमधून, म्हणजे फिनांमधून, खाली उतरते आणि फायरवॉलच्या पायथ्याशी बाहेर पडते. फिनांमधून हवा ढकलतो तो वरच्या आणि खालच्या कप्प्यांतील दाबाचा फरक. बाहेरची वाट अपुरी असेल, तर तोंड कितीही रुंदावले तरी जादा हवा आत न शिरता कडांवरून सांडते आणि विमानाला होणारा हवेचा रोध मात्र वाढतो. क्वचित तोंड खरोखरच लहान असते, पण ते करवत हाती घेण्याआधी मोजून ठरवावे. रंगीत पाणी भरलेली वाकवलेली पारदर्शक नळी त्यासाठी पुरते. समुद्रसपाटीवर १०० नॉट वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या सुमारे १६५ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. ७० नॉटला तो निम्म्यावर येतो, आणि नेमके तेव्हाच, चढताना, इंजिन पूर्ण शक्तीवर असते. प्रत्येक कप्प्याचा दाब बाहेरच्या स्थिर दाबाशी ताडून पाहावा. वरचा दाब या आकड्यांच्या जवळ असेल तर तोंडाने आपले काम चोख केले आहे. खालचाही चढलेला असेल, तर वाट तुंबली आहे किंवा वरची हवा फटींतून खाली गळते आहे.

गळतीचा संबंध थेट दुसऱ्या विधानाशी आहे. उघड्या वाऱ्यात इंजिन जास्त गार राहते ही समजूत १९२८ मध्येच मोडीत निघाली. अमेरिकेच्या नाका (एनएसीए) या विमान संशोधन संस्थेत फ्रेड वाइक यांच्या चमूने रेडियल (सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या) इंजिनावर काऊलिंग चढवले आणि कर्टिस एटी-५ए विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला, तोही इंजिन गार ठेवून. थोडी हवा नेमक्या जागी नेली की ती पुरते, आणि नेण्याचे ते काम बॅफल करतात. एक मीटर कडेला सरासरी तीन मिलिमीटर फट राहिली, तर ते ३० चौरस सेंटिमीटरचे भोक झाले, आणि हवेला फिनांच्या दाटीपेक्षा तीच वाट सोपी. काही उड्डाणांनंतर वरचे काऊलिंग उलटे करून पाहावे: सिलिकॉन रबराची पट्टी जिथे नीट टेकते तिथे आतल्या रंगावर घासल्याची सलग रेघ उमटलेली असते, आणि रेघ जिथे तुटते तिथे हवा निसटते. पट्टीची कड दाबाच्या बाजूला, म्हणजे आत वळलेली हवी, म्हणजे दाबच तिला काऊलिंगवर चिकटवून धरतो. साधे रबर उष्णतेने आणि तेलाने कडक होऊन तडकते. पत्रा २०२४-टी३ या प्रतीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असेल तर घडी गोलाईनेच घालावी. धारदार घडीत इंजिनाच्या थरथरीने चीर सुरू होते.

फायरवॉलबाबत आधी वजनाचा हिशेब करू. अर्ध्या चौरस मीटरला ०.३८ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टील सुमारे दीड किलो भरते, तर ०.८ मिलिमीटरचे ॲल्युमिनियम एक किलोच्या थोडे वर. वाचते ते अर्ध्या किलोहूनही कमी. अमेरिकी नियमांतील चाचणीत फायरवॉलला सुमारे १०९३ अंश सेल्सिअसच्या ज्वाळेपुढे १५ मिनिटे टिकावे लागते; शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याचे मिश्रधातू त्याआधीच. स्टील ज्वाळा अडवते, पण उष्णता पलीकडे जाऊ देते. मागचा सांगाडा फायबरग्लासचा असेल, तर सामान्य तापमानाला घट्ट होणारे बरेचसे इपॉक्सी १०० अंशांच्या आतच मऊ पडतात. म्हणून स्टील आणि सांगाडा यांच्यामध्ये सिरॅमिक तंतूंचा थर घालावा, आणि नळ्या-तारांची भोके प्लास्टिकच्या बुचांऐवजी स्टीलच्या जोडण्यांनी व अग्निरोधक सीलंटने बंद करावीत.