फोटो बघितले नव्हते, म्हणून गप्पा झाल्या

दिवाळीनंतर फेसबुक आणि इन्स्टाग्राम फोनवरून काढून टाकलं होतं. गुढीपाडवा झाल्यावर परत आले तर इनबॉक्समध्ये "बरी आहेस ना?" पासून "मला ब्लॉक केलंस का?" पर्यंत सगळं. बरी आहे, आणि कोणालाही ब्लॉक केलेलं नाही. व्हॉट्सॲप मात्र चालू ठेवलं होतं. सोसायटीचा ग्रुप सोडला तर ठाण्यात पाणी कधी जाणार हे कळणार कसं?

अशा ब्रेकने नाती सुधारतात असं सगळे लिहितात. मला ते अर्धंच पटतं. स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ साली अमेरिकेतल्या निवडणुकीआधी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. रोजचा साधारण तासभर मोकळा झाला. लोक घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर जास्त वेळ घालवू लागले, हे सगळे सांगतात. पण एकट्याने टीव्ही बघणंही वाढलं, हे कोणी सांगत नाही! माझाही सुरुवातीचा तास सरळ वेबसिरीजच्या घशात गेला. ॲप काढलं म्हणून माणूस उठून नणंदेला फोन करतो, असं काही होत नाही.

खरा फरक मला वेगळ्याच ठिकाणी जाणवला. ऐरोलीला आतेबहिणीकडे गेले होते. ती राजस्थानला जाऊन आलेली. सवयीने म्हणाली, "तू फोटो बघितलेच असशील." म्हटलं, नाही गं, काहीच बघितलं नाही. मग बाई जी सुरू झाली! आमेरच्या किल्ल्यात सासूबाईंचा पाय मुरगळला, तिथून नवराबायकोचं वाजलं, दोन दिवस दोघं ड्रायव्हरमार्फत बोलत होते, आणि शेवटी जोधपूरला कचोरीवरून समेट झाला. हसून हसून डोळ्यांत पाणी. यातलं काही फोटोत असणारच नव्हतं. फोटोत सगळे फेटे बांधून हसत उभे होते, ते तिने नंतर दाखवले. आधी बघितले असते तर मी "मस्त झाली ना ट्रिप" म्हटलं असतं, तिने "हो गं" म्हटलं असतं, आणि आम्ही चहाकडे वळलो असतो. कोण कुठे गेलं, काय जेवलं हे आधीच ठाऊक असलं की विचारायला उरतं काय?

उलटा अनुभवही आला. मामेभावाने कासारवडवलीला घर घेतलं. वास्तुशांतीला मी घोडबंदरचं ट्रॅफिक सोसून गेले, पंगतीत जिलबी वाढली, वहिनीबरोबर भांडी आवरली. पुढच्या आठवड्यात मामीकडून कळलं, दादा रुसलाय. का? तर सगळ्या नातेवाइकांमध्ये एकट्या माझाच फोटोंना लाईक नाही. म्हणजे आता घरी येऊन गेल्याची पोचही तिथेच द्यायची!

घरातली गंमत वेगळीच. मी ब्रेकवर, आणि शेजारच्या खुर्चीत नवरा रील बघत एकटाच हसतोय. एकाने उपास धरायचा आणि दुसऱ्याने समोर बसून मिसळ चापायची, असला प्रकार. अशाने नातं सुधारत नाही, कुरकुर वाढते. म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं फार कौतुक वाटतं. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजू लागला, आणि अख्ख्या गावाने दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा असं ठरलं. शहाणपण त्या 'अख्ख्या' गावात आहे. आपल्याकडे ७ ला भोंगा वाजवला तर निम्मं ठाणं मुलुंडच्या पुढे लोकलच्या दारात लटकत असेल. आमच्या घरी निदान जेवताना तिघांचे फोन टीव्हीच्या कपाटावर जातात. नवऱ्याने आठवडाभर तोंड वाकडं केलं, आता करत नाही.

मुलीला मात्र मी ब्रेक घे म्हणणार नाही. ती अकरावीत आहे, त्यांचं सगळं इन्स्टावर ठरतं. तिने ॲप काढलं तर मैत्रिणी तलावपाळीला आइस्क्रीम खाऊन घरी पोचल्यावर हिला पत्ता लागेल. ज्याची माणसं इतरत्र भेटतात, त्यालाच ब्रेक परवडतो. माझीही शाळेतली एक मैत्रीण अमरावतीला असते. एकमेकींचे नंबरसुद्धा नाहीत आमच्याकडे. ती बागेतल्या फुलांचे फोटो टाकते, मी खाली दोन शब्द लिहिते, संपलं. वरवरचं म्हणा हवं तर, पण गेले काही महिने ती फुलं मला आठवत होती. आल्या आल्या तिचा नंबर मागून घेतला.

आता दोन्ही ॲप परत आहेत, पण कोणाकडे जायचं असलं की आधी त्यांचं प्रोफाइल उघडत नाही. आणि दादा, वास्तुशांतीच्या सगळ्या फोटोंना लाईक करून झालंय, मोजून बघ. वहिनीला सांग, रविवारी जेवायला येते आहे.