‘एकच वेबफॉन्ट लावा, मराठी सगळीकडे सारखी दिसेल’ हे का खरे नाही

वेब ॲप बनवणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरत असतो: ‘सीएसएस रिसेट (ब्राउझरची स्वतःची मांडणी पुसणारे नियम) टाका, मराठीला एकच वेबफॉन्ट (पानासोबत उतरणारा फॉन्ट) लावा, मग क्रोम, फायरफॉक्स, सफारीत मजकूर हुबेहूब येतो. ओळ हललीच, तर त्या ब्राउझरपुरते दोन-तीन पिक्सेल वाढवा.’ यातली एकही गोष्ट पुरती खरी नाही.

‘रिसेट पुरतो.’ रिसेटने मार्जिन-पॅडिंग शून्यावर येते. पण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, ‘नॉर्मल’ राहिली, तर ती फॉन्टफाइलमधल्या आकड्यांवरून ठरते, आणि एकाच फाइलमध्ये असे तीन संच असतात. मॅकवर एक वाचला जातो, विंडोजवर बहुधा दुसरा. ते जुळत नसले की तेच बटण एकीकडे उंच होते. म्हणून लाइन-हाइट स्वतः लिहा, एककाशिवाय, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत: मजकुराला १.६ ते १.७, मथळ्याला निदान १.४. इंग्रजीसाठीची १.२ ठेवून वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचे लपवा) केलेत, तर ‘कृ’ खालून आणि ‘र्कीं’ वरून कापले जाते.

‘फॉन्ट एक, म्हणजे अक्षरे एक.’ सर्वांत मोठी गफलत इथे आहे. अक्षरे जोडण्याचे काम क्रोम-फायरफॉक्समध्ये हार्फबझ ही प्रणाली करते, सफारीत ॲपलची कोअरटेक्स्ट. शिवाय फॉन्टला भाषा सांगावी लागते. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा सांगणारा लँग ‘एमआर’ (मराठी) नसेल, तर पाकळीचा ल आणि देठाचा श फॉन्टमध्ये असूनही बहुधा हिंदी वळणाची अक्षरे येतात.

आता ‘दऱ्या’ हा शब्द पाहा. तो दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) असा. फॉर्ममधली ‘अदृश्य चिन्हे काढा’ ही सफाई तो जॉइनर खाते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र! हे फॉन्ट बदलून सुटत नाही. युनिकोडचे एनएफसी (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) हे दोन प्रकार एक करत नाही, त्यामुळे शोधातही ते जुळत नाहीत. साठवण्यापूर्वी ‘र + हलन्त + जॉइनर’च्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला. सफाई त्यानंतर, आणि तीही जपून.

‘पिक्सेल वाढवून दुरुस्त करा.’ क्रोम लांबी-रुंदी पिक्सेलच्या १/६४ भागांत मोजतो, फायरफॉक्स १/६० भागांत. काठोकाठ बसवलेला शब्द एकीकडे मावतो, दुसरीकडे खालच्या ओळीत जातो. वाढवलेले पिक्सेल झूम १२५ टक्के केले की पुन्हा अपुरे पडू शकतात. चौकटीला पक्की उंची देऊ नका, मिन-हाइट (किमान उंची) द्या. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) मराठीला शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेखा तुटते.

तपासणीसाठी ‘कृती, मार्कीं, दऱ्या, शाळा, लक्ष्य’ एवढी एक ओळ १००, १२५ आणि १५० टक्क्यांवर पाहा. आयफोनवर नक्की पाहा. भारतात तिथला क्रोमसुद्धा वेबकिट या सफारीच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे विंडोजच्या क्रोमवर झालेली तपासणी त्याला लागू होत नाही.