कुकरची रिंग आणि तांबोसा

माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतली पहिलीच सूचना कॅमेरा पाण्यापासून दूर ठेवावा अशी आहे. आठ वर्षे मी ती इतक्या निष्ठेने पाळली की पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा कपाटाबाहेर येतच नसे. तोच कॅमेरा घेऊन वयाच्या ५४व्या वर्षी मालवणच्या समुद्रात नऊ मीटर खाली उतरण्याची बुद्धी मला व्हावी, याला कारण आमच्या सोसायटीतली माणसे. आदल्या वर्षी मी तारकर्लीला रीतसर स्कूबा शिकून आलो होतो आणि पाण्याखाली पाहिलेल्या माशांची वर्णने दोन्ही हात पसरून करत होतो. पण माझ्या हातांमधले अंतर दर रविवारी वाढते आहे, हे खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त हिशेब तपासनिसांच्या लक्षात आले आणि त्यांनी चारचौघांत पुरावा मागितला.

पुरावा गोळा करायचा तर कॅमेऱ्यासाठी हाऊसिंग घ्यावे लागते. हाऊसिंग घेतले असे मी सांगताच सेक्रेटरींनी ‘कुठे आणि किती स्क्वेअर फूट?’ असे विचारले होते, म्हणून सांगतो: हाऊसिंग म्हणजे कॅमेरा ज्यात बंद करून पाण्यात नेतात तो जाड प्लॅस्टिकचा डबा. त्याच्या पुढे काच असते, मागे झाकण असते आणि आतली बटणे बाहेरून दाबता यावीत म्हणून अंगभर खुंट्या असतात. त्याची किंमत कॅमेऱ्यापेक्षा जास्त निघाली, तेव्हा बायकोने बिल शांतपणे वाचले आणि म्हणाली, “म्हणजे अंगठीपेक्षा डबी महाग!”

या एवढ्या महाग डब्याची सारी अब्रू एका रबरी कड्याच्या हाती असते. त्याला ओ-रिंग म्हणतात. झाकणाच्या खाचेत ते बसते आणि समुद्राला बाहेर थोपवून धरते. त्याला सिलिकॉनचे ग्रीस लावावे असे वाचल्यावर मी पुरणपोळीवर तूप सोडावे तशा सढळ हाताने लावले. ग्रीसमुळे पाणी अडते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पाणी रबर अडवते. ग्रीस फक्त ते पीळ न पडता खाचेत नीट बसावे म्हणून असते आणि जास्त झाले तर वाळू, धागे, केस यांना आग्रहाने बोलावून चिकटवून घेते.

खोल पाण्यात नेण्यापूर्वी रिकाम्या हाऊसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवून ते घरीच बुडवून पाहावे, असा शिरस्ता आहे. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद असते, म्हणून बुधवारी रात्री आमच्याकडे पिंप भरून ठेवतात. घरातला एवढा मोठा जलाशय मला दुसरा दिसला नाही. पण रिकामे हाऊसिंग बुडेना. दाबावे तसे ते उसळी मारून वर येई, म्हणून शेवटी मी त्याच्यावर वरवंटा ठेवला. अर्ध्या तासाने काढून पाहतो तर टिश्यू पेपर एका कोपऱ्यात ओला! भिंग घेऊन खाच तपासली, तेव्हा रबराखाली आडवा पडलेला एक लांब केस सापडला. माझ्या डोक्यावर त्या लांबीचा केस गेल्या वीस वर्षांत उगवलेला नाही, हे मी सौम्य शब्दांत निदर्शनास आणून दिले. त्यावर पिंपातल्या वरवंट्याकडे पाहत बायकोने अधिक सौम्य शब्दांत विचारले, “अहो, कुकरला शिटी होत नसली की तुम्ही काय करता?”

मी काहीच करत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तिने ते कडे हातात घेतले, कोरड्या मऊ फडक्याने पुसले, खाच पुसली, मग डोळे दुसरीकडे वळवून बोटाचे टोक रबरावरून सावकाश फिरवले. “डोळ्यांना केस दिसत नाही, बोटाला कळतो,” ती म्हणाली, आणि खरोखरच आणखी एक कुसळ काढून दाखवले. नंतर हिशेब करून पाहिला आणि मला घाम फुटला. आपल्या घरच्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त दाब असतो, आणि समुद्रात दहा मीटर खाली गेले की हाऊसिंगवर नेमका तेवढाच जादा दाब पडतो. फरक इतकाच की कुकरची रिंग आतल्याला बाहेर येऊ देत नाही आणि हाऊसिंगची रिंग बाहेरच्याला आत येऊ देत नाही. तीस वर्षे रोज सकाळी हे शास्त्र माझ्यापासून चार पावलांवर चालू होते आणि मी ‘भात झाला का?’ एवढेच विचारत आलो होतो. गंमत म्हणजे खोल गेल्यावर हा दाब झाकण आणखी घट्ट आवळतो. त्यामुळे दगाफटका व्हायचा तो बहुधा वरच्या मीटर-दोन मीटरमध्येच होतो. म्हणजे माणूस अजून पुरता घाबरलेलाही नसतो, तेव्हा.

डिसेंबरात मालवणला पोचलो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मी हाऊसिंग बंद केले आणि पाण्यात शिरताच आतली हवा थंड होऊन काचेवर धुके धरले. ओलावा शोषण्यासाठी नव्या बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या मी आत ठेवल्या होत्या. पण त्या आमच्या खणात कित्येक वर्षे ओलावा पिऊन आधीच तृप्त झालेल्या होत्या. त्या दिवशीचे सर्व फोटो मोतीबिंदू झालेल्या माणसाने काढल्यासारखे आले.

दुसऱ्या दिवशी काच स्वच्छ राहिली आणि खऱ्या अडचणी दिसू लागल्या. जमिनीवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण श्वास रोखतो. स्कूबात श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. श्वास घेतला की मी वर जाई आणि सोडला की खाली येई, त्यामुळे चौकटीतला मासा लिफ्टमध्ये उभा असल्यासारखा वरखाली होत राही. शिवाय मास्कच्या काचेतून पाहिले की पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि पाऊण अंतरावरच आल्यासारखी वाटते. माझे दोन्ही हात पसरणे हे खोटेपणाचे नव्हे, तर प्रकाशाच्या वक्रीभवनाचे लक्षण होते, हे मी परतल्यावर हिशेब तपासनिसांना सांगितले. त्यांनी ते नोंदवून घेतले नाही.

आता स्ट्रोब, म्हणजे हाऊसिंगच्या बाहेर जोडायचा पाण्यातला फ्लॅश. पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी गिळते आणि काही मीटरांवर सारी सृष्टी शेवाळी-निळी होते. म्हणून आपला प्रकाश आपणच न्यायचा. १९२६ साली फ्लोरिडाजवळ ड्राय टॉर्टुगास येथे शास्त्रज्ञ लाँगली आणि छायाचित्रकार मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा त्यांनी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी उडवून उजेड पाडला होता. माझे काम चार पेन्सिल सेलवर भागत होते, तरी गोंधळ कमी नव्हता. कॅमेऱ्याच्या छोट्या फ्लॅशची खूण एका बारीक प्रकाशतंतूने स्ट्रोबला पोचते आणि तो लखकन पेटतो. मी तो भिंगाशेजारी घट्ट बसवून सरळ माशावर रोखला. मालवणच्या पाण्यात गाळाचे आणि प्लवकांचे कण भरपूर असतात आणि भिंग व मासा यांच्यामधला प्रत्येक कण त्या उजेडात झळाळून उठला. फोटोत प्रत्येक मासा डोक्यावर अक्षता पडत असताना बोहल्यावर उभा असल्यासारखा दिसत होता. एका गोबऱ्याचा चेहरा तर अगदी तसाच होता.

पावसाळ्यात आंबोली घाटात गाडी चालवलेल्या माणसाला याचा उलगडा लवकर व्हायला हवा होता. धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिसऱ्या दिवशी मी स्ट्रोब लांब दांड्यावर बाजूला नेला, भिंगाच्या थोडा मागे ओढला आणि किंचित बाहेरच्या दिशेने वळवला. म्हणजे माशावर प्रकाशाची फक्त कड पडावी आणि मधले पाणी अंधारातच राहावे. त्यानंतर जवळ जायचे, आणि जवळ गेलो असे वाटले की आणखी जवळ जायचे, कारण मधले पाणी जितके कमी तितका गाळ कमी. हे सारे सांभाळताना माझ्या पायांचे काय चालले होते ते सांगत नाही.

एका खडकाच्या कपारीत करडा-तपकिरी, माझ्या मते अगदीच सामान्य असा एक मासा स्थिर उभा होता. मी हळूहळू श्वास सोडत हातभर अंतरावर गेलो आणि बटण दाबले. मागच्या पडद्यावर उमटले ते मात्र लालबुंद, टवटवीत, प्रत्येक खवला मोजता येईल असे काहीतरी. मी कॅमेऱ्यावरून नजर उचलून समोर पाहिले. मासा करडाच होता. तो तांबोसा होता. हा तांबडा मासा इतक्या खोलीवर आपला तांबडेपणा कोणाला दाखवत नाही, आणि मी तो चार पेन्सिल सेलांच्या जोरावर पाहून घेतला होता.

वर आल्यावर हाऊसिंग गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. मीठ वाळले की त्याचे खडे रबराखाली आणि बटणांत बसतात, म्हणून बादलीत धरून एकेक खुंटी दाबत बसावे लागते. माझा हा सोवळ्यातला कार्यक्रम तिन्ही दिवस पाहणारे होडीवाले काका अखेर न राहवून म्हणाले, “साहेब, फोटो काढूक इतक्या खाली कशाक जातास? सकाळी बंदरार येवा. सगळे मासे गप पडान असतत, एकय हलाचो नाय.”

मी उत्तर न देता हाऊसिंग पुसले, पडदा त्यांच्यापुढे धरला आणि पहिल्यांदाच कोणीतरी माझा फोटो दोन्ही हातांत घेऊन पाहिला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “ह्यो खंय गावलो?”

मला तो खडक पाठ झाला होता. त्याच्या डाव्या अंगाची भेग आणि वरचा शंखांचा थर, सगळे डोळ्यांपुढे होते.

“पाणी गढूळ होतं काका,” मी म्हणालो, “नीट दिसलं नाही,” आणि बोटाचे टोक रबरावरून सावकाश फिरवू लागलो.